शेवंती गणपत घाडीगावकर, दोघी

मेघनाने प्लास्टिकच्या फाइलमधून तीन कागद काढून माझ्या टेबलावर ठेवले आणि आईकडे न बघता म्हणाली, "ताई, आईने कर्ज घेतलंय आणि आम्हाला सांगितलं नाही, असं बँक म्हणते."

शेजारी उभी असलेली बाई ठेंगणी, अंगाने बारीक, साडीचा पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढलेला. चिडली नाही. एवढंच म्हणाली, "मी साधी खोबऱ्याची किसणी कधी उसनी आणली नाय गो. कर्ज कुठलं?"

चिंचपोकळीला आमच्या चाळीच्या जिन्याखाली मी बसते. लोकांचे अर्ज लिहिते, फॉर्म भरते, लागलंच तर सोबत जाऊन भांडते. कागद बघितले. पहिला बँकेचा नकार. दुसरा क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे तुम्ही आजवर कुणाकडून किती कर्ज घेतलं आणि फेडलं की बुडवलं त्याची कुंडली. त्यात ठळक अक्षरांत: शेवंती गणपत घाडीगावकर, बचत गटामार्फत छोटं कर्ज, सात हप्ते थकीत. तिसरा कागद सगळ्यात महत्त्वाचा. गिरणी कामगारांच्या घरांच्या सोडतीत तिच्या नवऱ्याचं नाव लागलं होतं. नवरा, गणपत, सात वर्षांपूर्वी वारला होता, म्हणून घर विधवेला. अकरावा मजला, त्याच्याच गिरणीच्या जमिनीवर. पैसे भरायची मुदत दोन महिने, त्यातले बारा दिवस संपलेले. कर्ज मिळालं नाही तर घर पुढच्या नंबरवाल्याला.

"बावीस वर्षं अर्ज करीत होते ते," बाई म्हणाली. "दर सोडतीला नवीन सदरा घालून जायचे. नंबर लागला तेव्हा मीच तेवढी उरलेली."

माझं डोकं फिरलं. असल्या चुका मी पाहिलेल्या आहेत. चुलत्याचं कर्ज पुतण्याच्या माथी, थोरल्याचं धाकट्याच्या. तिथल्या तिथे तक्रार लिहायला घेतली. नाव, नवऱ्याचं नाव, जन्मतारीख. जन्मतारीख एक जून एकोणीसशे बासष्ट.

"बासष्ट?" मी तिच्या तोंडाकडे बघितलं. "तुम्ही बासष्ट वर्षांच्या?"

"कागदावर," ती म्हणाली.

मेघना गालात हसली. "आई खरी सत्तावन्नची आहे. पण शाळेने अठ्ठावन्न झाली म्हणून रिटायर केलं तेव्हा ती त्रेपन्नची होती. पाच वर्षांचा पगार गेला ताई, आणि ही मुकाट्याने नारळ घेऊन घरी आली."

ती परळच्या एका शाळेत मावशी होती. घंटा द्यायची, पाणी भरायची, पहिलीतल्या पोरांच्या चड्ड्या बदलायची.

हे वय कुणी लावलं, असं मी विचारायला तोंड उघडलं आणि माझी नजर रिपोर्टच्या खालच्या ओळीवर गेली. तिथे दोन पत्ते होते. एक लालबागच्या चाळीचा. दुसरा शिवडीचा, बंदराकडच्या वस्तीतला.

"बाई, तुमच्या नावाची नात्यात दुसरी कुणी आहे का?"

मेघनाने मोबाइलवरून मान वर केली. मग बाई म्हणाली, "आहे. पहिली."

*

गणपतचं पहिलं लग्न एक्याऐंशी सालचं. सावंतवाडीकडची मुलगी. सासूने तांदळाच्या ताटात अंगठीने नाव काढलं, शेवंती. पुढच्याच वर्षी गिरण्यांचा संप झाला. घरात दाणा नाही, दीर परत गावी गेले, आणि सासूच्या तोंडाला कुलूप नाही: ही पांढऱ्या पायाची, ही आली आणि गिरणी बसली. त्र्याऐंशीच्या शिमग्याला पहिली शेवंती माहेरी गेली ती परत आली नाही. काडीमोड झाला नाही. कोर्टकचेरी करायला पैसे कुणाकडे होते? तीन वर्षांनी सासूने दुसरी सून आणली. हिचं माहेरचं नाव नलू. नलिनी शाळेत, घरी नलू.

लग्नाच्या संध्याकाळी पुन्हा तांदळाचं ताट आलं. करवल्या हसत होत्या, नवं नाव काय ठेवताय म्हणून. सासूने अंगठी घेतली आणि तेच नाव काढलं.

कुणीतरी म्हणालं, "अहो, ह्यां नाव तर पयल्या सुनेचा."

सासू म्हणाली, "कार्डार नाव आसा. तेका हात लावच्यो भानगडी नकोत. नाव कमी करूचा, नवा चढवूचा, रेशन ऑफिसात महिनोन् महिने खेपे. त्येवढे दिवस एका माणसाची साखर कोण देतलो?"

आता तुम्ही हसाल. मीही हसले असते. पण रेशन कार्ड म्हणजे त्या काळी माणूस असल्याचा पुरावा, आणि संपातून वर आलेल्या घरात अर्धा किलो साखरेची किंमत काय होती ते गिरणगावाला विचारा. तर नलू शेवंती झाली. कार्डावर नावापुढे वय होतं ते पहिलीचं. पुढे त्या कार्डावरून मतदार कार्ड, त्यावरून आधार. एजंटने तारीख विचारली, हिला सांगता येईना, त्याने आपल्याकडच्या निम्म्या जनतेची असते तीच टाकली. एक जून.

मी म्हटलं, "तुम्ही काही बोलला नाहीत?"

"एकोणीस वर्षांची होते. बोलणार काय? माझी आई मात्र शेवटपर्यंत नलू म्हणायची. ती गेली, मग कोणी नाय." ती पुढे म्हणाली, "हे गॅलरीतून हाक मारायचे, शेवंतेऽऽ म्हणून. मी ओ द्यायचे. पण दर वेळी आधी एक क्षण थांबायचे. वाटायचं, दुसरी कोणी ओ देते काय."

एवढं बोलून तिने पदर आणखी घट्ट ओढला आणि मला विचारलं, बस किती नंबरची जाते शिवडीला.

*

बसची वाट न बघता आधी ते कर्ज देणाऱ्या फायनान्स कंपनीच्या शाखेत गेलो. तिथला सौमित्र नावाचा ऑफिसर नुकताच मिशी फुटलेला, पण कागदाला पक्का. रिपोर्ट बघितला, काँप्युटरात बघितलं, हिच्याकडे बघितलं.

"मॅडम, आमच्या कर्जदार ह्या नाहीत. फोटो वेगळा आहे."

"मग दुरुस्त कर ना!"

"माझ्या हातात नाही मॅडम. नाव तेच, नवऱ्याचं नाव तेच, जन्मतारीख तीच. वरचं ऑफिस म्हणेल दोघी एकच, बाई हप्ते चुकवायला खोटं बोलते. मूळ कर्जदाराने इथे येऊन लिहून दिलं की कर्ज माझं, ह्या बाई वेगळ्या, तर आज पाठवतो. रिपोर्ट दुरुस्त व्हायला तीस दिवस."

मी आवाज चढवला. लोक वळून बघायला लागले. त्याने मला पाणी दिलं आणि शांतपणे पुन्हा तेच सांगितलं. असल्या पोरांशी भांडता येत नाही, हा त्यांचा एक दुर्गुण आहे.

बाहेर आल्यावर मी हिशेब मांडला. अठ्ठेचाळीस दिवस हातात, तीस दुरुस्तीचे. म्हणजे सही आठवड्याभरात हवी. आणि मग फुटपाथवर, भर उन्हात, दुसरीच गोष्ट माझ्या डोक्यात शिरली आणि पाय थांबले.

घर मिळालं ते कशावरून? गिरणीच्या जुन्या रेकॉर्डवरून. संप सुरू झाला तेव्हा गणपत गिरणीच्या पटावर होता, आणि त्याच्या फंडाच्या कागदावर पत्नी म्हणून लिहिलं होतं, शेवंती. ते रेकॉर्ड एक्याऐंशीचं. तेव्हा नलू गावी सातवी-आठवीत होती. कागदावरची शेवंती पहिली होती. काडीमोड झालेला नाही, म्हणजे कायद्याने विधवाही पहिलीच. आजवर दोघी एक होत्या म्हणून घर हिच्याकडे आलं होतं, आणि आता आम्ही सही मागायला चाललो होतो की दोघी वेगळ्या आहेत.

मी नलूबाईंना सगळं सांगितलं. "तिला कर्जाचंच बोलायचं. घराचा घ पण काढायचा नाही. कळलं?"

त्यांनी मान हलवली. हो की नाही ते मला कळलं नाही.

मी वीस वर्षं लोकांना सांगत आलेय, आपला हक्क माहीत करून घ्या. त्या दिवशी एका बाईचा हक्क तिच्यापासून लपवायला मी निघाले होते, तेही ताठ मानेने.

*

शिवडीच्या त्या वस्तीत शेवंती म्हणून विचारलं तर कुणाला माहीत नव्हतं. सुकी मासळी विकणारी घाडीगावकरीण म्हटल्यावर एका पोरीने बोट दाखवलं. "बकुळामावशी काय?"

दारात बोंबलांची टोपली, आत पत्र्याची खोली. उंच, हाडापेराने दणकट बाई बाहेर आली. साठी उलटलेली. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, गळ्यात काळे मणी. मी बोलायला सुरुवात केली, "मावशी, आम्ही लालबागवरून..."

तिचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. ती नलूबाईंच्या मोकळ्या कपाळाकडे बघत होती. मग गळ्याकडे. मग परत कपाळाकडे.

"तू घाडीगावकरांची?" तिने विचारलं.

नलूबाईंनी मान हलवली.

"कधी गेलो तो?"

"सात वर्षं झाली."

बकुळामावशी दाराच्या उंबऱ्यावर बसली. "माका कोणी सांगूक नाय," ती म्हणाली. रडली नाही. टोपलीतले बोंबील उगाच सरळ करत राहिली. "अर्ध्या तासाची वाट. कोणी सांगूक नाय."

मला कुंकू-मण्यांची भाषा आवडत नाही. जाहीर बोलतेही त्याविरुद्ध. पण त्या दारात मी पिशवी छातीशी धरून बाजूला सरकले.

शेवटी नलूबाईंनीच कर्जाचं सांगितलं. बकुळामावशीने ऐकून घेतलं. हो, कर्ज माझं. गटातल्या दोघी पळाल्या, मग माझा पाय मोडला, हप्ते राहिले. "माजा नाव तरी तुज्याकडे कसा?" तिने विचारलं. नलूबाईंनी तांदळाचं ताट सांगितलं, साखर सांगितली.

बकुळामावशी एकदम हसली. खरं हसली. "म्हातारी! माकाय तसाच. घरात बकुळा नाव चालना नाय, म्हणे माज्या चेडवाचा, नणंदेचा, ताच नाव आसा. शेवंती तिनाच काढला. माजा तरी खय होता ता नाव?"

"मग सोडलं का नाही?" मी विचारलं.

"बाय माजे, घोव सोडलंय तरी नाव सोडून चालता काय? माहेरी बापाशीन दारात घेवक नाय. हय गोदामात धान्य निवडूक लागलंय. भाड्याची खोली कोण देतलो एकट्या बायलेक? घोव लालबागेक गिरणीत आसा म्हणून सांगलंय, सगळ्या कागदांवर तेचा नाव घातलंय." काळ्या मण्यांवर तिचा हात गेला. "चाळीस वर्षा तेच्याच नावार रवलंय."

आता सही मागायची वेळ होती. मी पिशवीतून कागद काढला. आणि नलूबाई म्हणाल्या, "एक सांगायचं राहिलं. त्यांच्या गिरणीचं घर लागलंय. त्या यादीत बायकोचं नाव आहे ते तुमच्या वेळचं आहे. ते नाव तुमचं आहे."

मी त्यांच्या पायावर पाय दिला. उशीर झाला होता.

बकुळामावशी उठली. कागदाकडे बघितलंसुद्धा नाही. "आज नको," ती म्हणाली आणि आत गेली. दार लावून घेतलं.

परतताना मी नलूबाईंना बोलले. फार बोलले. एवढी वर्षं तो माणूस झिजला, मुलीचं काय, अशा वेळी सत्य बोलायची खाज कुणाला असते. त्या चालत राहिल्या. लालबागच्या वळणावर म्हणाल्या, "तिच्या गळ्यातले मणी बघितले ना ताई? मी रोज त्यांच्याबरोबर जेवले. ती नुसत्या नावावर राहिली. तिच्याशी कसं खोटं बोलू?"

मी आणखीच चिडले.

*

पाच दिवस काही नाही. घरांच्या सोडतीच्या ऑफिसला मी मुदतवाढीचा अर्ज केला, तो परत आला. मेघना रोज लॅबमधून सुटली की माझ्याकडे येऊन उभी राहायची, काही विचारायची नाही. सहाव्या दिवशी दुपारी तिचा फोन. "ताई, ती आलीय. घरी."

मी धावत गेले. तिसऱ्या मजल्यावर घाडीगावकरांच्या खोलीत बकुळामावशी मधोमध उभी होती. कपाळ मोकळं, गळा मोकळा. एका जागेवर उभी राहून सगळीकडे बघत होती.

"मोरी हय होती," तिने बोट दाखवलं.

"तिकडे सरकवली. मेघना झाली तेव्हा," नलूबाई म्हणाल्या.

"आणि ती खिटी? तेचो सदरो टांगूची?"

"आहे ना. दाराच्या मागे."

तिने दार ओढून मागे बघितलं. खुंटीला हात लावला. मग जमिनीवर बसली, भिंतीला पाठ टेकून, आणि नलूबाईंनी चहा ठेवला. दोघी बोलायला लागल्या. तो कसा गेला. दोन दिवस तापात होता, आणि गिरणीतली पाळी चुकतेय म्हणून उठून बसायचा. भात कसा खायचा. शेवटपर्यंत तसाच घोरायचा काय. मेघना आणि मी गॅलरीत उभ्या राहिलो. त्या माणसाबद्दल इतकी वर्षं कुणाशी बोलायला न मिळालेल्या दोन बायका होत्या, आणि आमचं तिथे काम नव्हतं.

मग बकुळामावशीने मला आत हाक मारली. "खय तो कागद?"

"आणि घराचं काय मावशी?" ह्या वेळी मीच विचारलं. एवढं तरी मला करणं भाग होतं. "कायद्याने तुमचा हक्क आहे. मी लढेन तुमच्या बाजूने, लढायचं असेल तर."

नलूबाईंनी चहाचा कप खाली ठेवला. मेघनाचा चेहरा उतरला.

"घर घेवन काय करू? हप्ते कोण भरतलो, तू?" बकुळामावशी माझ्यावर खेकसली. "अकराव्या मजल्यार बोंबील वाळवलंय तर सोसायटीवाले माकाच वाळवतीत. माका घर नको. पण फुकट सही मी करूची नाय." तिने भिंतीकडे बोट केलं. "ह्यो फोटो माका दी."

भिंतीवर गणपतचे दोन फोटो. एक म्हातारपणचा, हार घातलेला. दुसरा छोटा, कडा पिवळ्या पडलेला: गिरणीच्या फाटकासमोर सात-आठ जण, मधे विशीतला गणपत, केसांचा कोंबडा, कुणाला तरी हसतोय. एक्याऐंशीचा. त्याच्या तरुणपणाचा तेवढाच फोटो होता. नलूबाईंनी लग्न झाल्यापासून तो रोज पुसला होता.

मला वाटलं, नाही म्हणतील. दुसरा घ्या म्हणतील. किंवा मी मधे पडून म्हणावं, मोबाइलवर काढून देऊ. मेघना तसं म्हणालीच. बकुळामावशीने मान हलवली. "ह्योच होयो. ह्यो माज्या येळचो."

नलूबाई स्टुलावर चढल्या. फोटो काढला, पदराने पुसला, आणि दिला.

सही करायच्या आधी बकुळामावशीने विचारलं, "तुजा खरा नाव काय गो?"

"नलू."

"नलू," ती म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी सौमित्रसमोर कागदावर सावकाश, अक्षर अक्षर जोडून लिहिलं: शेवंती गणपत घाडीगावकर. कर्ज माझे आहे.

*

एकोणतिसाव्या दिवशी दुरुस्त रिपोर्ट आला. मी प्रिंट काढून दिली. नलूबाईंनी पानं उलटली. कर्ज नाही, थकबाकी नाही, शिवडीचा पत्ता नाही. स्कोअरच्या जागी आकडा नव्हता. तिथे लिहिलं होतं की ह्या व्यक्तीचा इतिहास उपलब्ध नाही.

"म्हणजे काय ताई?"

"म्हणजे तुम्ही कधी कुणाचं काही घेतलं नाही."

त्यांना हसू आलं. "एक घेतलं होतं. नाव."

कर्ज मेघनाच्या पगारावर मिळालं. गणपतीच्या आधी त्या नव्या घरी गेल्या. मी बघायला गेले तेव्हा हॉलच्या भिंतीवर एकच फोटो होता, हारवाला.

"ताई, एक होतंय," निघताना त्यांनी लिफ्टजवळ हळूच सांगितलं. "त्यांचं तरुण तोंड मला आठवेनासं झालंय. डोळे मिटले की हाच म्हातारा येतो. तो दुसरा येतच नाय."

म्हणून त्या दर रविवारी शिवडीला जातात. मेघनाला सांगतात, सुकट आणायला जाते. तासभर त्या पत्र्याच्या खोलीत बसतात. बकुळामावशी गिऱ्हाईक बघते, नलूबाई फोटो बघतात. सुकट घेऊन येतात तीही अर्ध्या वेळा कचकचणारी, वाळूने भरलेली. मेघना ओरडते. तरी पुढच्या रविवारी पिशवी घेऊन निघतात.